सोबत जाताना: घरातील हिंसाचार सोसणाऱ्या स्त्रीला मदतीपर्यंत कसे पोहोचवावे

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (2019-21) देशात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ 14 टक्के स्त्रियांनी कोणाकडे तरी मदत मागितली होती, आणि ज्यांनी मागितली त्यांतील बहुतेकींनी ती माहेरी, नात्यात, मैत्रिणीकडे किंवा शेजारी मागितली. पोलीस, वकील आणि डॉक्टर यांच्यापर्यंत पोहोचलेल्या फारच थोड्या. म्हणजे पीडित स्त्री पहिले दार ठोठावते ते सरकारी कार्यालयाचे नसते, तर तुमचे-आमचे असते. म्हणून हे मार्गदर्शन पीडित स्त्रीइतकेच तिच्यासोबत जाणाऱ्या व्यक्तीसाठी लिहिले आहे, मग ती शेजारीण असो, बहीण असो, बचत गटातील ताई असो किंवा गावातील आशा सेविका असो. येथे महाराष्ट्रातील व्यवस्थेचा विचार केला आहे.

पहिले बोलणे

तिच्याशी एकटीशी बोलावे. सासूच्या, मोठ्या मुलाच्या किंवा दारात उभ्या असलेल्या पाहुण्याच्या समोर विषय काढू नये. "तो का मारतो?" हा प्रश्न टाळावा, कारण त्याचे उत्तर देताना ती आपोआप स्वतःची चूक शोधू लागते आणि भाजीत मीठ कमी पडले होते येथपासून हिशेब सुरू होतो. त्याऐवजी "आज रात्री त्या घरी झोपायची भीती वाटते का?" असे विचारावे. गळा दाबला आहे का, हत्यार किंवा रॉकेल दाखवून धमकावले आहे का, ती गरोदर आहे का, मुलांवर हात उचलला जातो का, आणि मार अलीकडे वाढला आहे का, एवढे समजले तरी धोक्याचा अंदाज येतो. गळा दाबला असेल, तर बाहेर वळ दिसत नसला तरी त्याच दिवशी रुग्णालयात जावे. आतली इजा काही तासांनी किंवा दिवसांनीही त्रास देऊ शकते.

हितचिंतकांच्या हातून सर्वाधिक घडणारी चूक म्हणजे नवऱ्याला परस्पर जाऊन समजावणे. आपण चहा पिऊन, "असे करू नये" असे सांगून परततो; आपल्यामागे मात्र तिने तोंड उघडल्याचे त्याला कळलेले असते आणि त्याच संध्याकाळी तिचा मोबाइल काढून घेतला जातो. तिने सांगितल्याशिवाय त्याच्याशी बोलू नये. त्याचप्रमाणे "तू आत्ताच्या आत्ता घर सोड" असा आग्रहही धरू नये, कारण घर सोडण्याचा काळ हा बहुधा सर्वांत जोखमीचा असतो आणि त्याची वेळ तिनेच ठरवणे योग्य असते.

शेजाऱ्यांना एक भीती नेहमी असते, की उद्या आपल्यावरच शेकले तर काय. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या 2005 च्या कायद्याच्या कलम 4 नुसार हिंसाचार घडत असल्याची माहिती कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला (या अधिकाऱ्याविषयी पुढे येईल) देऊ शकते, आणि ती सद्भावनेने दिलेली असेल तर देणाऱ्यावर दिवाणी अथवा फौजदारी जबाबदारी येत नाही.

कागदांची पिशवी

समुपदेशन केंद्रांत येणाऱ्या स्त्रिया बहुतेक वेळा अंगावरच्या साडीनिशी आलेल्या असतात आणि पुढचे सहा महिने कागद गोळा करण्यात जातात. म्हणून ती अजून घरात असेल, तर सोबत करणाऱ्याने आधी हे काम हाती घ्यावे. आधार कार्ड, शिधापत्रिका, बँकेचे पासबुक, मुलांचे जन्मदाखले, शाळेचे दाखले, विवाह नोंदणीचा दाखला आणि तो नसेल तर लग्नपत्रिका व लग्नातील दोन-तीन फोटो, दागिन्यांच्या पावत्या, जुने केसपेपर, नवऱ्याच्या पगाराची किंवा धंद्याची कोणतीही खूण, आणि घराच्या वीजबिलाची प्रत. मूळ कागद नेणे धोक्याचे वाटत असेल तर फोटो काढून ठेवावेत, मात्र तिच्या फोनमध्ये नव्हे. एक साधी प्लॅस्टिकची पिशवी, तीत हे कागद, एक जोडी कपडे, नेहमीची औषधे आणि प्रवासापुरते पैसे, आणि ती पिशवी तिच्या घराबाहेर, विश्वासाच्या माणसाकडे, एवढी व्यवस्था पुरते.

फोनचीही काळजी घ्यावी. मदतवाणीवर केलेला फोन यादीत दिसतो, म्हणून शक्यतो दुसऱ्याच्या फोनवरून बोलावे. तिचे लोकेशन कोणाला दिसते आणि तिच्या खात्याचे संदेश कोणाच्या मोबाइलवर जातात, हे पाहून घ्यावे. सरकारी योजनेचे पैसे तिच्या खात्यात येतात आणि एटीएम कार्ड मात्र नवऱ्याच्या पाकिटात असते, असे वारंवार आढळते. स्वतंत्र मोबाइल क्रमांक जोडून दुसऱ्या बँकेत खाते उघडणे हे अशा वेळी फार मोठे पाऊल असते, जरी ते कोणत्याच कायद्याच्या पुस्तकात लिहिलेले नसले तरी.

कायदा काय मानतो

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम 2005 साली मंजूर झाला आणि 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू झाला. त्यात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक असे हिंसेचे चारही प्रकार येतात. म्हणजे घरखर्चाला पैसे न देणे, पगार काढून घेणे, स्त्रीधन विकणे, "मुलगीच झाली" म्हणून टोमणे मारणे हीदेखील हिंसाच. हा कायदा केवळ पत्नीसाठी नाही. आई, बहीण, विधवा सून, मुलगी आणि लग्नाविना पण लग्नासारख्या नात्यात एकत्र राहणारी स्त्रीही त्याखाली दाद मागू शकते. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये हरसोरा प्रकरणात "प्रौढ पुरुष" हे शब्द कायद्यातून वगळल्यापासून सासू-नणंदेविरुद्धही थेट अर्ज करता येतो.

या कायद्याचे मर्म स्त्रियांना पटकन कळते, कारण त्यांची मागणीही बहुधा तीच असते: "त्याला आत टाकायचे नाही, पण मार थांबला पाहिजे आणि मला घरात राहता आले पाहिजे." 2005 चा कायदा मूलतः दिवाणी स्वरूपाची दाद देतो, म्हणजे मारहाण थांबवण्याचा आदेश, घरात राहण्याचा हक्क, खर्च, मुलांचा तात्पुरता ताबा आणि नुकसानभरपाई. शिक्षेचा मार्ग वेगळा आहे. पूर्वीचे 498 अ हे कलम 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत कलम 85 आणि 86 म्हणून आले असून, त्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. दोन्ही मार्ग एकाच वेळी चालवता येतात. एक धरला म्हणून दुसरा सुटत नाही.

पहिला फोन

जिवावर बेतले असेल तर 112. पोलीस येईपर्यंत फोन चालू ठेवता आला नाही, तरी पत्ता आणि ओळखीची खूण आधी सांगावी. मार आत्ता चालू नसेल, पण माहिती, समुपदेशन किंवा निवारा हवा असेल तर महिला मदतवाणी 181. मुलांवर अत्याचार होत असेल तर 1098. मोफत वकिलासाठी 15100. हे चार क्रमांक कागदावर न लिहिता पाठ करून घ्यावेत. चिठ्ठी सापडली तर पुन्हा तिचाच छळ होतो.

रुग्णालय, आणि केसपेपरवरील एक ओळ

माझ्या मते पोलीस ठाण्याच्याही आधी रुग्णालयात जाणे शहाणपणाचे असते. नवऱ्याच्या नजरेत दवाखान्यात जाणे संशयास्पद ठरत नाही, आणि तेथे तयार होणारा कागद पुढे न्यायालयात उभा राहतो. मुंबईत हाच विचार करून 'सेहत' ही संस्था आणि बृहन्मुंबई महानगरपालिका यांनी वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र सुरू केले. पुढे ते कुर्ल्याच्या भाभा रुग्णालयात आणि नंतर महापालिकेच्या इतरही रुग्णालयांत गेले. डॉक्टर आणि परिचारिका रुग्ण स्त्रीच्या खुणा ओळखतात, "घरी सर्व ठीक आहे का?" असे विचारतात आणि तिला त्याच इमारतीतील समुपदेशकाकडे पाठवतात.

केसपेपर लिहिला जात असताना सोबतच्या व्यक्तीने कान उघडे ठेवावेत. खिडकीपलीकडून घाईत "काय झाले?" असे विचारले जाते, ती मान खाली घालून "पडले" म्हणते, आणि कागदावर "घरात पडून इजा" अशी ओळ उमटते. तीन महिन्यांनी तीच ओळ समोरच्या वकिलाच्या हातात असते. तिची तयारी असेल तर "नवऱ्याने लाकडी पट्टीने डाव्या हातावर मारले, काल रात्री दहाच्या सुमारास" असे नाव, वस्तू, जागा आणि वेळ यांसह सांगावे आणि तसेच लिहिले आहे का, ते वाचून घ्यावे. एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद, झाली असेल तर तिचा क्रमांक टिपून घ्यावा. वळ काळेनिळे व्हायला दोन दिवस लागतात, म्हणून त्याच दिवशी आणि पुन्हा तिसऱ्या दिवशी असे दोनदा फोटो काढावेत. हिंसाचाराचा अहवाल आधी तयार झालेला नाही, या कारणावरून रुग्णालयाला उपचार नाकारता येत नाहीत आणि तपासणी अहवालाची प्रत तिला विनामूल्य मिळते, हे 2005 च्या कायद्याखालील 2006 च्या नियमांतच आहे.

पोलीस ठाणे

महाराष्ट्रात पोलीस ठाण्याच्या आवारातच समाजकार्यकर्त्या बसवण्याची कल्पना जुनी आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने 1984 मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष सुरू केला. 2005 मध्ये राज्य शासनाने तो स्वीकारला आणि आज तो जिल्ह्याजिल्ह्यांत आहे. कक्षातील कार्यकर्त्या पोलीस नसतात, पण पोलिसांच्या छपराखाली बसतात, आणि नेमका याचाच उपयोग होतो: नवरा समोर आला की बसण्याची पद्धत बदलते. नागपूरसह अनेक शहरांत हेच काम भरोसा सेल करतो. ठाण्यात गेल्यावर थेट अंमलदाराच्या टेबलाकडे जाण्याआधी असा कक्ष कोठे बसतो, ते विचारावे.

तक्रार नोंदवताना एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) आणि एफआयआर (दखलपात्र गुन्ह्याची पहिली खबर) यांतील फरक कळला पाहिजे. साधी मारहाण अदखलपात्र असल्याने बऱ्याचदा एनसी लिहून दिली जाते आणि बाई घरी येऊन "केस केली" असे सांगते. प्रत्यक्षात त्यावर पोलीस आपणहून तपास करत नाहीत. तरीही एनसी निरुपयोगी नाही, कारण तारखेनिशी नोंद होते आणि अशा तीन-चार नोंदी एकत्र ठेवल्या की छळाची मालिका दिसते. हुंड्याची मागणी किंवा सततचा क्रूर छळ असेल तर कलम 85 खाली एफआयआरचा आग्रह धरावा. येथे एक बारकावा आहे: या कलमाखालील गुन्हा दखलपात्र ठरण्यासाठी माहिती स्वतः तिने किंवा तिच्या नातेवाइकाने द्यावी लागते, म्हणून केवळ शेजाऱ्याने न जाता शक्यतो तिला किंवा तिच्या भावा-बहिणीला सोबत घ्यावे. घटना सासरी घडली आणि ती माहेरी आली आहे, एवढ्यावरून "आमच्या हद्दीत येत नाही" असे म्हणता येत नाही. हद्द न पाहता नोंद करून ती नंतर योग्य ठाण्याकडे वर्ग केली जाते. एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते आणि ती घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नये.

संरक्षण अधिकारी आणि डीआयआर

या सर्व व्यवस्थेत लोकांना सर्वांत कमी ठाऊक असलेली व्यक्ती म्हणजे संरक्षण अधिकारी, आणि माझ्या अनुभवात सर्वाधिक उपयोगी पडतो तोही तोच. महिला व बाल विकास विभागाचा हा अधिकारी असतो. कोठे बसतो ते जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात किंवा 181 वर विचारता येते. तो विहित नमुन्यात घटनेचा अहवाल भरतो, ज्याला सगळे डीआयआर म्हणतात. त्यात घटनांच्या तारखा, हिंसेचा प्रकार, मुले, दागिने, राहण्याची जागा आणि हवी असलेली मदत यांचे रकाने असतात. वकील नसला तरी चालतो, शुल्क लागत नाही.

हा नमुना भरणे ऐकायला सोपे वाटते, पण तारखांपाशी सगळ्या अडखळतात. एका बाईला एकही तारीख सांगता येईना. अधिकारीबाई पेन खाली ठेवून थांबल्या. मग सोबत आलेल्या तिच्या जावेने विचारले, "तो प्रकार गणपतीच्या आधी झाला की नंतर? थोरल्याची सहामाही चालू होती का?" आणि पाच वर्षांचा इतिहास सण, परीक्षा, बाळंतपण आणि ऊसतोडीच्या हंगामावरून अर्ध्या तासात कागदावर उतरला. सोबत करणाऱ्याने ही उजळणी घरीच करून न्यावी: पहिला प्रसंग, सर्वांत वाईट प्रसंग आणि शेवटचा प्रसंग, एवढे तीन तरी नीट जुळवावेत. डीआयआरची प्रत तिला विनामूल्य मिळते. अहवाल झाला म्हणजे न्यायालयात अर्ज करावाच लागतो असे नाही. ते ती नंतर ठरवू शकते. उलट अधिकारी भेटत नसेल तर डीआयआरशिवायही दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये प्रभा त्यागी प्रकरणात स्पष्ट केले आहे.

रात्र काढायला जागा

जिल्ह्याच्या ठिकाणी असलेल्या सखी वन स्टॉप सेंटरमध्ये समुपदेशन, वैद्यकीय व कायदेशीर मदत आणि साधारण पाच दिवसांपर्यंत राहण्याची सोय एकाच जागी मिळते. केंद्र सरकारची ही योजना 1 एप्रिल 2015 पासून चालू आहे. त्याहून जास्त काळ राहायचे असेल तर शक्ती सदन किंवा शासकीय महिला राज्यगृह. मुले सोबत असतील तर, विशेषतः मोठा मुलगा असेल तर, त्याला ठेवून घेतात का, हे निघण्यापूर्वीच फोनवर विचारावे. दारातून परत यावे लागण्यासारखे वाईट काही नाही. ती तेथे आहे हे नवऱ्याला कळवू नये असे तिने सांगितले, तर निवारागृहाने ते गुप्त ठेवायचे असते. तिला सोडायला गेलेल्याने तर ते स्वतःच्या घरीही सांगू नये.

गाव, समिती आणि "मिटवून टाका"

गावात पोलीस पाटील, आशा, अंगणवाडी सेविका आणि बचत गट यांचे जाळे असते आणि त्याचा खरा उपयोग लक्ष ठेवण्यासाठी होतो. बचत गटाच्या दहा बायका एखाद्या दाराशी नुसत्या "ताई, आज मीटिंगला आली नाहीस?" असे विचारत गेल्या, तरी आतल्या माणसाला जे समजायचे ते समजते. मात्र तंटामुक्ती समितीने अशी प्रकरणे मिटवावीत असे मला वाटत नाही. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम 2007 मध्ये सुरू झाली ती गावातले तंटे गावात मिटावेत म्हणून. बांधाचा वाद आणि बाईला झालेली मारहाण हे एका पंगतीत बसत नाहीत. बांधाच्या वादात दोन्ही बाजू थोड्या मागे सरू शकतात. मार खाणाऱ्या बाजूने किती मागे सरायचे?

समुपदेशनाबाबतही हाच घोळ असतो. समुपदेशन म्हणजे "नांदायला जा" असे समजावणे नव्हे. 2006 च्या नियमांनुसार तिची इच्छा असेल तरच तडजोडीचा प्रयत्न व्हावा, आणि समुपदेशनात हिंसेचे समर्थन ऐकून घेतले जाणार नाही, हे समोरच्याला आधीच सांगायचे असते. "ती उलट बोलली म्हणून" असे वाक्य तेथे मोजले जात नाही. स्टॅम्प पेपरवर "यापुढे हात उचलणार नाही" असे लिहून घेण्याची प्रथा सर्वत्र आहे. असा कागद आदेशाची जागा घेत नाही, पण त्यात पूर्वी हात उचलल्याची कबुली असते, म्हणून त्याची प्रत पिशवीत ठेवावी.

सरकारी दारांखेरीज संस्थाही आहेत. पुण्यात नारी समता मंचाचे 'बोलते व्हा' केंद्र 1982 पासूनचे. मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेची समुपदेशन केंद्रे आहेत आणि धारावीत 'स्नेहा' ही संस्था वस्तीपातळीवर काम करते. संस्थेचा फायदा असा, की कार्यालये संध्याकाळी बंद होतात तेव्हा तेथील कार्यकर्तीचा फोन बहुधा चालू असतो.

न्यायालयात

स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळण्याचा हक्क 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 ने दिला आहे; जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणात किंवा तालुका समितीकडे साधा अर्ज करावा. 2005 च्या कायद्याखालील अर्ज ती सध्या जेथे राहते तेथेही करता येतो, म्हणजे माहेरच्या तालुक्यातसुद्धा. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, म्हणून पहिल्याच दिवशी कलम 23 खाली अंतरिम आदेश मागावा. वकील विसरला तर सोबतच्याने आठवण करून द्यावी.

"घर माझ्या आईच्या नावावर आहे" हे उत्तर हमखास येते. सतीशचंद्र आहुजा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 15 ऑक्टोबर 2020 रोजी स्पष्ट केले, की घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचे असले तरी ते सुनेचे सामायिक घर ठरू शकते. निवासाचा आदेश मात्र दोन्ही बाजू पाहून दिला जातो. खर्च किंवा पोटगी मागताना दोन्ही पक्षांना उत्पन्न आणि मालमत्तेचे शपथपत्र द्यावे लागते, आणि येथे पिशवीतील ती पगाराची खूण कामाला येते.

आदेश मिळाल्यावर त्याची प्रत विनामूल्य मिळते. एक तिच्याजवळ, एक जवळच्या पोलीस ठाण्यात पोहोच घेऊन, आणि एक बाहेरच्या पिशवीत, अशी वाटणी करावी. संरक्षण आदेश मोडणे हा दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा असून, एक वर्षापर्यंत कैद, 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून आदेशानंतर पहिल्यांदा धमकी आली, की "बघू पुढच्या वेळी" असे न म्हणता त्याच दिवशी, आदेशाची प्रत दाखवून तक्रार द्यावी.

आणि हे सर्व झाल्यावरही ती परत नांदायला गेली, तर रागावू नये. मुलांची शाळा, आईचे आजारपण, लहान बहिणीचे लग्न, अशी अनेक कारणे तिला मागे ओढतात, आणि बऱ्याच जणी कायमच्या बाहेर पडण्यापूर्वी एकदा-दोनदा परत गेलेल्या असतात. पिशवी मात्र तिच्यासोबत पाठवू नये. ती आपल्याकडेच राहू द्यावी, आणि दर काही महिन्यांनी मुलांच्या नव्या बोनाफाईडची प्रत तिच्याकडून मागून तीत ठेवावी.